खिडकीची कमान

मिस्त्री कुठल्याही भिंतीपुढे आले की आधी उजव्या हाताची दोन बोटं मुडपायचे, दगडावर टकटक करायचे, मान तिरकी करून ऐकायचे आणि सांगायचे, "जागा हाय." क्वचित एखाद्या दगडापाशी पुन्हा ठोकायचे आणि हळूच म्हणायचे, "झोपला रे हा." आत चीर गेलेला दगड बद्द वाजतो आणि धड दगड खणखणीत, एवढाच त्याचा अर्थ. पण रोज सकाळी पावणेसातला प्लॅटफॉर्मवर एक म्हातारा इमारतीची अशी हजेरी घेतो आहे, हे पाहणाऱ्याला खुळेपणाचंच वाटायचं. मलाही पहिली काही वर्षं तसंच वाटत होतं.

मी त्या स्टेशनावर तिकिटाच्या खिडकीच्या आत सव्वीस वर्षं बसलो. बदल्या आल्या, मी त्या टाळल्या. त्या बाबतीत मी भलताच कामसू होतो. शहापूर तालुक्यातलं, कसाऱ्याच्या बाजूचं स्टेशन. नाव लिहीत नाही, कारण माझ्या हाताखाली शिकलेली माणसं अजून तिथे नोकरीत आहेत, आणि या हकिगतीत जो दोष आहे तो स्टेशनाचा नाही.

इमारत इंग्रजांच्या काळातली. घडीव काळ्या दगडाच्या दीड हात जाड भिंती, वर कौलं, पुढे ओतीव लोखंडाच्या खांबांवर पेललेली पडवी आणि पडवीच्या कडेला लाकडाची नक्षीदार झालर. दारं, खिडक्या, सगळी कमानीची. वैशाखातही आत गारवा असायचा. तुमच्यापैकी ज्यांनी अशा स्टेशनावर गाडीची वाट पाहिली आहे त्यांना हे पटेल, की आपण ती इमारत कधी पाहतच नाही. आपण इंडिकेटर पाहतो, घड्याळ पाहतो, पुलावरून धावत येणारी माणसं पाहतो. मी तर तिच्या पोटात बसून होतो. माझ्या खिडकीची कमान बाहेरून कशी दिसते हे मिस्त्रींनी मला हाताला धरून बाहेर नेऊन दाखवलं, तेव्हा माझ्या नोकरीला बारा वर्षं झाली होती.

"अकरा दगडांची हाय," ते म्हणाले. "मधला कळीचा. त्याच्यावर सगळी मदार. आणि तुमी बारा वर्षं तिच्याकडं पाठ करून चहा पिताव."

मिस्त्री म्हणजे देखभालीच्या गँगमधले गवंडी. पिढीजात पाथरवट. किन्हवलीच्या पलीकडे, डोंगराला टेकलेल्या एका पाड्यावरचे. बुटके, खांद्याने रुंद, आणि तळहात असे की त्यावर माशी बसली तर त्यांना कळत नसावं. भुवयांत कायम दगडाची राखाडी धूळ. नोकरीतून निवृत्त होऊन कैक वर्षं झाली तरी पहिल्या एसटीने यायचे, खांद्याला छिन्नी-हातोड्याची पिशवी. कुणी बोलावलेलं नसायचं. स्टेशन मास्तरांनी एकदा विचारलं, "मिस्त्री, तुम्ही का येता आता?" तर म्हणाले, "घरी भिंत नाय, कूड हाय, साहेब. कारवीच्या काठ्यांचा. त्याला काय ठोकायचं?"

ठोकण्याची ती खोड दगडापुरती नव्हती. बाजारात कलिंगड ठोकायचे, कुंभाराकडे माठ ठोकायचे, आणि आमच्या संडासाला नवी चकचकीत फरशी बसवली तेव्हा तिलाही ठोकून म्हणाले, "ह्यात तोंड बघावं नुसतं." त्यांना गर्व एकाच गोष्टीचा होता. "आज्यानं तानशाच्या धरणाला दगड घडवला, आणि आज्याच्या बापानं हे टेसन." मी चिडवायचो, "कागद आहे का तसा?" ते मुळीच रागवायचे नाहीत. "कागद तुमच्याकडं असतो बाबू. आमच्याकडं दगड."

एका वर्षी कुणा ठेकेदाराने इमारतीच्या सगळ्या सांध्यांत सिमेंट भरलं. मिस्त्री प्रत्येक टेबलापुढे जाऊन उभे राहिले. "दगडाला घाम येतो. चुना घाम पितो, सिमेट पीत नाय," एवढंच सांगायचे. ऐकणारे हसले, त्यांत मीही होतो. पुढच्या पावसाळ्यात भिंती आतून रडायला लागल्या. माझ्या टेबलाखालची रजिस्टरं फुगली, कौलांखालच्या वाशांची टोकं कुजली. दसरा झाल्यावर मिस्त्री स्वतःच्या मनाने छिन्नी घेऊन बसले. दोन महिने एकेका सांध्यातलं सिमेंट कोरून काढत होते आणि गुळाचं पाणी घालून मळलेला चुना भरत होते. गुळाला मुंग्या लागल्या. "मिस्त्री, तुमची भिंत मुंग्या खातायत," मी खिडकीतून ओरडलो. "खाऊ द्या," ते म्हणाले. "त्यांचं पोट ते केवढं."

खोकत होते तेव्हाही. दगडाची धूळ, त्यात चुना. आम्हाला त्या खोकल्याची सवय झाली होती. खोकला ऐकला की कळायचं, मिस्त्री आले.

मग रुळांची नवी जोडी यायची ठरली आणि आमची इमारत तिच्या वाटेत निघाली. तोवर कामावर एक तरुण इंजिनिअर बाई आल्या होत्या. मॅडम मोठ्या जिद्दीच्या. इमारत पाडायची नाही, दगड न् दगड सुटा करून पलीकडच्या मोकळ्या जागेत, रिक्षास्टँडशेजारी, जशीच्या तशी उभी करायची आणि तिथे वेटिंग रूम करायची, असा कागद त्यांनी वरून मंजूर करून आणला. मिस्त्रींना तो वाचून दाखवला. मिस्त्रींनी पुढे होऊन त्यांच्या डोक्यावरच्या पिवळ्या हेल्मेटवर दोन बोटं ठोकली. "बाय, टोपी पोकळ हाय," ते म्हणाले, "पण डोकं जागं हाय." मॅडम इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. त्याच दिवशी मिस्त्री रोजंदारीवर कामाला लागले, सुटे करण्याच्या कामाचे मुकादम म्हणून.

दिवाळीनंतर कौलं उतरली. मग भिंती वरून खाली मोकळ्या व्हायला लागल्या. पहिल्याच दिवशी एक गोष्ट घडली. वरच्या थरातला कोपऱ्याचा दगड चार माणसांनी पहारी लावून उचलला आणि उलटा केला. त्याच्या बुडाला, जी बाजू चुन्यात गाडलेली असते आणि कुणाला कधीच दिसत नाही तिथे, छिन्नीने कोरलेली एक खूण होती. पणती. ज्योतीसकट, माझ्या तळहाताएवढी.

मिस्त्री मटकन खाली बसले. मला वाटलं चक्कर आली. मी पाण्याची बाटली घेऊन धावलो.

"वरच्या थराला पणती," ते म्हणाले. "बापानं मला असंच शिकवलतं, दर थराच्या कोपऱ्याला एक खूण. खाली चूल, वर पणती. घरातल्या चौदा जिनसा, चौदा थर. बाबू, हा आमचाच माणूस."

ते पणतीवरून अंगठा फिरवत बसले होते. उठताना म्हणाले, "कुणाचं नाव नाय कुठं लिवलेलं. ह्योच कागद." मी इतकी वर्षं त्यांना कागदावरून चिडवत होतो, त्याची मला लाज वाटली. लाज वाटली हे मी त्यांना सांगितलं नाही.

मॅडमची सूचना होती की प्रत्येक दगडाच्या दर्शनी बाजूवर पांढऱ्या रंगाने आकडा घालावा. मिस्त्रींनी साफ नकार दिला. "दगडाच्या तोंडाला रंग फासायचा नाय. एकदा लागला की निघत नाय." ते आपल्या घराण्याच्या रीतीने दगडाच्या लपत्या बाजूवर छिन्नीने खूण करणार होते. मॅडमनी मान्य केलं, पण एका अटीवर. "मला यादी हवी. प्रत्येक दगडाची खूण आणि माप, कागदावर." मिस्त्रींना सही येत होती, त्यापलीकडे अक्षर नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बाबू लिवतील. त्यांचं अक्षर लई गोड हाय." मला रविवारी सुट्टी असायची. मी मान हलवली.

त्यांची रीत त्यांनी मला समजावली तेव्हा मी चकित झालो, इतकी ती सोपी होती. दर भिंतीचा वेगळा ढीग, पलीकडच्या मोकळ्या जागेत. खुणेवरून थर कळायचा, म्हणजे सर्वांत खाली चूल, तिच्यावर जातं, मग उखळ, विळा, असं करत वर पणतीपर्यंत. खुणेशेजारी उभ्या रेघा. जितक्या रेघा तितकावा दगड, डावीकडून.

"म्हणजे ढिगावरून भिंत, खुणेवरून थर, रेघांवरून जागा," मी म्हणालो. "झालं की. मग माप कशाला लिहायचं?"

"ढीग हलला तर? चूल तर सगळ्याच भिंतींना हाय. मग मापावरनंच वळखायचा कुठला कुठल्या भिंतीचा. एका मापाचे दोन दगड नसतात."

"एवढे जड दगड कोण हलवणार, मिस्त्री?"

त्यांनी छिन्नी खाली ठेवली. मग म्हणाले, "आपून हलवतोच हाय की."

पहिल्या रविवारी आम्ही बसलो. करंजाच्या झाडाखाली, मी एका फळीवर, ते जमिनीवर. "आधी तुमची खिडकी," ते म्हणाले. कमानीचे अकरा दगड, खालचा उंबऱ्याचा दगड आणि दोन्ही बाजूंच्या खांबांचे. ते दगडापाशी जाऊन वितीने आणि बोटांनी मोजायचे, ओरडून सांगायचे, मी शाळेच्या वहीत लिहायचो. "कमान, डावीकडून पहिला, वर दीड वीत, खाली वीत आणि चार बोटं." तेवढ्याला दुपारचे बारा वाजले. मग त्यांनी फडक्यातून नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी काढली, अर्धी मला दिली. जेवून झाल्यावर वही मागितली. ओळींवरून बोट फिरवत शेवटपर्यंत गेले, जणू वाचताहेत. "शोभतं," म्हणाले. साडेतीन पानं झाली होती.

दुसऱ्या रविवारी मी गेलो नाही. मुरबाडहून मुलीला बघायला पाहुणे येणार होते, ते कारण खरं होतं. तिसऱ्या रविवारी मला ताप होता, तोही थोडासा खरा होता. मग मुरबाडजवळची म्हशाची जत्रा आली. मी बायकोला घेऊन गेलो, घोंगडी घेतली, दिवसभर भटकलो. त्यानंतरच्या रविवारांना कारणही नव्हतं. मला कंटाळा आला होता, बस. इतकी वर्षं आकडे लिहिणाऱ्या माणसाला सुट्टीच्या दिवशी उन्हात बसून विती आणि बोटं लिहायचा कंटाळा आला होता. आणि मनात कुठेतरी असंही होतं, की सगळं मिस्त्रींच्या डोक्यात आहेच, मिस्त्री आहेतच. या माणसाला कुठे काय होणार आहे?

सोमवारी सकाळी ते खिडकीशी यायचे. नवं बुकिंग ऑफिस तोवर झालं होतं, पुढे काच आणि काचेला एक गोल भोक. ते वाकून त्या भोकाशी तोंड न्यायचे. "काल आलतो," म्हणायचे. मी म्हणायचो, "अहो, काल जमलंच नाही." "नाय जमलं तर नाय जमलं. येत्या रविवारी?" "नक्की." यात कधी टोमणा नसायचा, तेच मला टोचायचं. असल्या माणसावर रागावताही येत नाही. मी पुढच्या माणसाला तिकीट द्यायला लागायचो.

माघात मॅडमची बदली झाली. जाताना त्या माझ्या खिडकीशी आल्या. "यादी कुठवर आली?" मी म्हणालो, "चालू आहे." चालू आहे! सरकारी नोकरीत आम्ही हा शब्द इतक्यांदा वापरतो की तो खोटा आहे हे बोलणाऱ्यालाच कळत नाही.

इमारत चुलीच्या थरापर्यंत खाली आली. हजाराहून जास्त दगड झाले असतील, आणि प्रत्येकावर मिस्त्रींनी स्वतःच्या हाताने खूण कोरली. दुसऱ्या कुणाला छिन्नी लावू दिली नाही. तोंडाला फडकं बांधायचे, ते थोड्या वेळाने गळ्यात यायचं. होळीच्या सुमाराला पूल चढता येईना. चार पायऱ्या चढून कठडा धरून उभे राहायचे आणि आपण गाडी बघायला थांबलो आहोत असं दाखवायचे. चुलीच्या शेवटच्या दगडावर त्यांनी खूण कोरली ती दोन दिवस लावून, एका रेघेनंतर बसून, दुसऱ्या रेघेनंतर आडवं होऊन.

मी आणि त्यांची मालकीण, म्हणजे त्यांची बायको, त्यांना ठाण्याला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरांनी पाठ उघडी केली, डाव्या हाताचं बोट बरगड्यांवर ठेवलं आणि उजव्या हाताच्या बोटाने त्यावर टकटक ठोकत वरपासून खालपर्यंत आले. तुम्हीही डॉक्टरांना असं करताना पाहिलं असेल. मी मिस्त्रींच्या तोंडाकडे पाहत होतो. त्यांची मान तिरकी झाली होती. ते ऐकत होते.

डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं ते सांगायची गरज उरली नव्हती. मी आत आलो तेव्हा मिस्त्री सदऱ्याची बटणं लावत होते. "उजवी बाजू झोपली, बाबू," ते म्हणाले. "खालून डावी पण." मालकीण म्हणाली, "असं काय बोलताव?" तर तिला म्हणाले, "अगो, माझ्या कानाला नाय कळणार तर कुणाला?" त्यांच्या पाड्यावर दगड घडवणाऱ्या माणसांपैकी ते शेवटचे होते. बाकीचे सगळे याच खोकल्याने गेले होते, त्यांच्याहून लहान वयात.

खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी विचारलं, "आपली यादी?"

"बरे व्हा, मग बसू," मी म्हणालो. "राहिलंय कितीसं."

त्यांनी डोळे मिटले. माझं खोटं त्यांना ऐकू आलं असणार. ज्याला दगडातली चीर ऐकू येते त्याला हे ऐकू न यायला काय झालं?

वैशाखात ते पाड्यावर, घरीच वारले. गावाकडून निरोप आला तेव्हा मी ड्यूटीवर होतो.

तेराव्याला मी गेलो. घर त्यांनी सांगितलं होतं तसंच, कारवीच्या कुडाचं. फक्त दारापुढची एक पायरी घडीव दगडाची होती, इतकी देखणी की तिच्यावर पाय ठेवायला संकोच वाटावा. मालकिणीने मला पाणी दिलं आणि आतून सुतळीच्या दोऱ्यांचं एक भेंडोळं आणून पुढ्यात ठेवलं. नऊ लांबच लांब दोऱ्या, प्रत्येकीला जागोजागी गाठी.

"ह्या तुमच्या," ती म्हणाली. "रविवारी तुमी नाय आलाव की एकटेच मोजत बसायचे न् अशी एक दोरी घेऊन यायचे. दोन गाठींच्या मधी एक दगड. म्हणायचे, आता बाबू आला की त्याला सावलीत बसवतो न् दोरीवरून सांगतो. बाबूला ऊन सोसत नाय."

मी दोऱ्या पिशवीत घातल्या आणि एसटीची वाट पाहत दोन तास फाट्यावर बसलो. ऊन होतं.

ज्येष्ठात, पावसाच्या आधी, सामान ठेवायला शेड बांधायच्या म्हणून ती मोकळी जागा साफ करायचं ठरलं. पिवळं मशीन आलं. दगडांचे ढीग कुणाला आडवे येत होते. मशीनच्या चालकाला बिचाऱ्याला काय ठाऊक? त्याच्या लेखी ते दगड होते. दोन दिवसांत त्याने सगळे ढीग लोटून नाल्याच्या कडेला एकच मोठा ढीग केला. मी काचेच्या आत होतो. दगडावर दगड पडल्याचा आवाज येत होता, त्यांतले काही खणखणीत आणि काही बद्द. मला उठून जायला हवं होतं. हात आडवे करून मशीनपुढे उभं राहायला हवं होतं. खिडकीवर रांग होती. मी तिकिटं देत राहिलो.

पाऊस संपल्यावर नवे साहेब आले. सज्जन माणूस. मॅडमनी फाइलमध्ये लिहून ठेवलं होतं, यादी बुकिंग क्लार्ककडे आहे. त्यांनी मला बोलावलं. मी वही आणि दोऱ्या त्यांच्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी साडेतीन पानं वाचली, पुढचं कोरं पान उलटलं, त्याच्या पुढचं उलटलं, आणि तसंच वहीच्या शेवटापर्यंत गेले.

"बाकीचं?"

"बाकीचं लिहायचं राहिलं," मी म्हणालो.

मग त्यांनी एक दोरी हातात घेतली. मी सांगितलं ते सगळं शांतपणे ऐकलं. गाठींमधली अंतरं म्हणजे मापं, एवढं त्यांनाही कळलं. पण ती कुठल्या दगडांची, कुठल्या भिंतीची, कुठल्या टोकापासून वाचायची, ते दोरीला कसं विचारणार? ते ज्याला येत होतं तो नऊ रविवार माझी वाट पाहत बसला होता. साहेबांनी दोऱ्या नीट गुंडाळून मला परत दिल्या. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

वहीत होतं तेवढं त्यांनी केलं. त्या ढिगातून मापं लावून लावून खिडकीचे दगड शोधून काढले, त्याला तीन आठवडे लागले. आता रिक्षास्टँडशेजारी सिमेंटच्या चौथऱ्यावर माझ्या खिडकीची कमान उभी आहे. उंबऱ्याचा दगड, दोन खांब, वर अकरा दगड. मागे भिंत नाही, वर छप्पर नाही. पुढे एक पाटी आहे, जुन्या स्थानकाचा अवशेष म्हणून. रिक्षावाले उंबऱ्यावर चहाचे कप ठेवतात. पोरीबाळी कमानीतून तोंड काढून फोटो घेतात.

मी निवृत्त झालो. महिन्यातून एकदा तरी तिकडे जातो. सव्वीस वर्षं आत बसलो, आता बाहेर उभा राहतो. आजूबाजूला कुणी नसलं की दोन बोटं मुडपून एकेक दगड ठोकतो. अकराच्या अकरा जागे आहेत. त्यांना काही झालेलं नाही.

कमानीतून पाहिलं की पलीकडे नाल्याच्या कडेचा तो ढीग दिसतो. घाणेरीची झुडपं वाढली आहेत, बरेच दगड लोकांनी घरांच्या जोत्यांना नेले. जे उरले ते कसेही पडले आहेत, लपती बाजू वर आणि तोंड मातीत. गेल्या खेपेला मी पलीकडे गेलो. अगदी वरच एक दगड होता. त्यावर पावसाने धुऊन स्वच्छ झालेली चूल होती आणि तिच्याशेजारी सात रेघा, सारख्या अंतराच्या. म्हणजे सर्वांत खालचा थर, डावीकडून सातवा दगड. कुठल्या भिंतीचा, ते मला माहीत नाही.